नजरेच्या टप्प्यात

लोणारचे विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावर उभ्या असलेल्या माणसाला समोरचा काठ दिसतो, मधले पाणी दिसते, उतारावरची झाडी दिसते, आणि हवा स्वच्छ असेल तर यातले काहीच फार लांब वाटत नाही. ड्रोन उडवणाऱ्याला हा भास हमखास फसवतो. लग्नसमारंभात किंवा पर्यटनस्थळी दिसणारा साधा कॅमेरा ड्रोन पंख्यांसकट ३० सेंटीमीटरच्या आसपास भरतो. काठावरून निघून सेकंदाला १५ मीटर वेगाने तो एका मिनिटात ९०० मीटर जातो, म्हणजे सरोवराच्या मध्यावर पोचतो. निकोप डोळ्याला जेमतेम वेगळा ओळखता येणारा कोन म्हणजे एक कला, अंशाचा साठावा भाग. ३० सेंटीमीटरची वस्तू हजार मीटरवर बरोबर तेवढाच कोन व्यापते. तुरीचा दाणा अठरा-वीस मीटरवरून जेवढा दिसेल, तेवढाच तो ड्रोन तिथे दिसणार. तोही कुठे पाहायचे हे आधीपासून माहीत असेल तरच. क्षणभर मान खाली घालून हातातल्या पडद्याकडे पाहिले आणि पुन्हा वर बघितले, की तो सापडत नाही.

उंचीचा घोटाळा याहून अवघड आहे. भारतात ज्या भागात पूर्वपरवानगीशिवाय उड्डाण चालते तिथे उंचीची मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर आहे आणि ती ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून मोजायची असते. लोणारचा तळ मात्र काठापासून सव्वाशे मीटरहून अधिक खाली आहे. काठावरून सोडलेला ड्रोन दहा मीटर वर चढून सरळ पाण्याकडे निघाला, तर पडद्यावर उंची दहाच मीटर दिसत राहते, कारण यंत्र उड्डाणाच्या जागेपासून मोजते. प्रत्यक्षात काठ ओलांडून मध्याकडे गेला की त्याने मर्यादा मोडलेली असते. लोणार हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर पाणथळ स्थळांच्या यादीतही आहे, आणि विवराच्या परिसरातली प्राचीन देवळे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तेव्हा तिथे ड्रोन उडवायला त्या त्या खात्याची वेगळी परवानगी लागते. ती मिळाली तरी डोळ्याचे आणि उंचीचे हे गणित बदलत नाही.

ड्रोन सतत उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहिला पाहिजे, हा जगभरच्या ड्रोन कायद्यांतला जुना आणि नेहमी मोडला जाणारा नियम आहे. तंत्रज्ञान कच्चे होते तेव्हाची ती खबरदारी होती आणि आता तिची गरज उरली नाही, असे मानणारे बरेच आहेत. माझे मत उलट आहे. विमानात बसलेल्या वैमानिकावर एक मूलभूत जबाबदारी असते: डोळे उघडे ठेवून आजूबाजूचे विमान पाहायचे आणि त्याला चुकवायचे. रडार, रेडिओ, नियंत्रण कक्ष हे सगळे असूनही ती जबाबदारी त्याच्यावरून उतरत नाही. ड्रोनमध्ये वैमानिक नसतो, तो जमिनीवर उभा असतो. तो खाली उतरला, तरी आकाशात वावरण्याची ही जबाबदारी संपली नाही, ती त्याच्याबरोबर जमिनीवर आली. ती पार पाडायची तर यंत्र आणि यंत्राभोवतीची हवा दोन्ही त्याला एकाच वेळी दिसायला हवीत. ज्या क्षणी ती दिसेनाशी होतात, त्या क्षणापासून आकाशात एक अशी वस्तू फिरत असते, जिच्या वतीने पाहणारा कोणीही नाही.

भारतात हा नियम पहिल्यांदा नीट लिहिला गेला तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१८ च्या नियमावलीत, जी १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली. दिवसाउजेडी उडवायचे, नजरेच्या टप्प्यात ठेवायचे, ४०० फुटांच्या वर न्यायचे नाही, अशी तिची चौकट होती. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये नवे ड्रोन नियम आले. त्यांनी अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आणले, शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर, आणि देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या, लाल भागांत वाटून टाकला. हे फार चांगले झाले, कारण आधीच्या जंजाळात प्रामाणिक माणूस अडकत होता आणि बेपर्वा माणूस कागदाशिवाय उडवत होता. पण या सुटसुटीतपणात एक नुकसान झाले. हिरवा भाग, परवानगीची गरज नाही, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. नजरेपलीकडे उडवायला आजही खास परवानगी लागते, हे ड्रोन विकणारा क्वचितच सांगतो. खोक्यावर मात्र दहा किलोमीटरपर्यंत चित्र पोचते असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. रेडिओचा पल्ला म्हणजे उड्डाणाचा पल्ला, असे घेणाऱ्याला वाटले तर दोष एकट्या त्याचा नाही.

मग नजरेचा पल्ला नेमका किती? युरोपात यासाठी एक हिशेब वापरतात, आणि तो भारतातल्या प्रत्येक ड्रोनच्या खोक्यावर छापावा इतका उपयोगी आहे. पंख्यांच्या ड्रोनचे सर्वांत मोठे माप मीटरमध्ये घ्यायचे, त्याला ३२७ ने गुणायचे आणि २० मिळवायचे. येणारा आकडा म्हणजे ते अंतर, जिथपर्यंत ड्रोन नुसता दिसतोच असे नाही, तर त्याचे तोंड कुठे आहे, तो कलतो आहे की नाही, हेही कळते. ३० सेंटीमीटरच्या ड्रोनसाठी हे अंतर ११८ मीटर येते. दीड मीटर पसरलेल्या फवारणी ड्रोनसाठी ५१० मीटर. लोणारच्या मध्यापर्यंतचे ९०० मीटर त्या छोट्या ड्रोनच्या हिशेबात साडेसातपटीहून जास्त झाले. ठिपका दिसणे आणि ड्रोन दिसणे यांतला फरक इथे आहे. ठिपका तुमच्याकडे येतो आहे की दूर जातो आहे हे कळत नसेल, तर समोरून काही आल्यावर तो डावीकडे वळवायचा की उजवीकडे, हेही कळणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पडद्यावर सगळे दिसते की. पडद्यावर कॅमेऱ्याच्या समोरचे दिसते, साधारण ऐंशी अंशांचा तुकडा. उरलेले दोनशे ऐंशी अंश, वरचे आकाश आणि मागून येणारी वस्तू त्या चित्रात नसते. याची किंमत काय, हे न्यूयॉर्कजवळ २१ सप्टेंबर २०१७ रोजी दिसले. स्टेटन आयलंडजवळ अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर एक ड्रोन आदळला. उडवणारा तिथून सुमारे चार किलोमीटरवर होता आणि पडद्यावर विसंबून होता. धडक झाली हे त्याला कळलेसुद्धा नाही. ड्रोन परत आला नाही एवढेच त्याला माहीत होते. हेलिकॉप्टरच्या मुख्य पात्याला पोचा आला होता आणि ड्रोनचे तुकडे सापडले. त्यांच्या आधारे तपास अधिकारी त्याच्यापर्यंत पोचले, तेव्हा त्याला झाला प्रकार समजला. हेलिकॉप्टर सुखरूप उतरले, म्हणून ही गोष्ट आज शांतपणे सांगता येते.

दुसरा आक्षेप वजनाचा. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागत नाही, विमाही सक्तीचा नाही, मग असल्या खेळण्याने कोणाचे काय बिघडणार? ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानावर जो ड्रोन आदळला, तो याच वजनाच्या वर्गातला होता. उडवणाऱ्याने तो एका वाहनतळाच्या गच्चीवरून सोडला, वणव्याकडे अडीच किलोमीटर नेला आणि मध्येच तो नजरेआड झाला. विमानाच्या डाव्या पंखाला भोक पडले आणि शहर जळत असताना ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर बसले. वजनाची सवलत ही ड्रोन डोक्यावर पडला तर इजा किती होईल याचा विचार करून दिलेली आहे. वेगाने उडणाऱ्या विमानाच्या पंखाशी त्याचे काय होईल, हा हिशेब वेगळा.

लोणार ज्यात येते त्या बुलढाणा जिल्ह्यात मात्र तिसरा आक्षेप जास्त ऐकू येईल, आणि तो वरवर पाहता बिनतोड आहे. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, घाटावर आणि घाटाखाली दोन्हीकडे मैलोन्‌मैल शेतीच आहे, मग आकाशात टक्कर व्हायची तरी कोणाशी? याचे एक उत्तर निवडणुकीच्या दिवसांत मिळते. हेलिकॉप्टर कुठल्याही मैदानावर उतरते, आणि उतरताना व चढताना ते नेमके त्याच शंभर-सव्वाशे मीटरच्या थरातून जाते, जो ड्रोनला मोकळा ठेवलेला आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. तिथे अपघात झाला तर जखमींसाठी हेलिकॉप्टर येण्याची सोय वाढावी अशीच आपली इच्छा असणार. पण माझ्या मते खरे उत्तर हेलिकॉप्टरचे नाहीच. बुलढाण्याच्या आकाशात ड्रोनसमोर येणाऱ्या वस्तू म्हणजे विजेच्या तारा, धुऱ्यावरची बाभूळ, घिरट्या घालणारी घार आणि शेजारच्या वावरात वाकून निंदण करणाऱ्या बाया. यांतली एकही वस्तू सरकारी नकाशावर हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात दाखवलेली नाही.

म्हणून या नियमाची खरी परीक्षा कॅमेऱ्याच्या ड्रोनपेक्षा फवारणीच्या ड्रोनवर होते. त्यांची संख्या वाढणार आहे, आणि ती वाढावीच. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या पऱ्हाटीत चालणारा माणूस त्या धुक्यातून बाहेर काढता आला, तर ड्रोनचे एवढे एकच काम पुरेसे आहे. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना असे ड्रोन द्यायचे ठरले, त्यामागे हाही विचार आहे. हा ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वरून जातो, दहा लिटरची टाकी घेऊन आठ-दहा मिनिटांत एकर उरकतो. अंतराच्या सूत्राप्रमाणे तो पाचशे मीटरपर्यंत नीट दिसायला हवा, आणि बहुतेक वावरे त्याहून कितीतरी लहान असतात. मग इथे नियम आपोआप पाळला जातो, असे वाटेल.

तसे होत नाही, कारण इथे नजर अंतराने तुटत नाही, आडोशाने तुटते. कंबरेएवढ्या पऱ्हाटीवरून उडणारा ड्रोन जमिनीपासून जेमतेम चार मीटरवर असतो. दीडशे मीटर लांबीच्या तासाच्या टोकाला जमीन थोडी उतरती असली, किंवा मध्ये एक लिंबाचे झाड असले, की तो पूर्ण दिसेनासा होतो, आणि दिसेनासा होतो तो नेमका वळायच्या जागी, धुऱ्याजवळ, जिथे झाडे असतात, खांब असतात आणि पलीकडच्या वावरात माणसे असतात. शिवाय दिसत असला तरी एक अडचण उरते. माणसाच्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटीमीटरचे अंतर असते आणि त्या फरकावरूनही आपल्याला खोली कळते. दीडशे मीटरवर हा फरक इतका तोकडा पडतो की ढोबळ गणिताने वीस-पंचवीस मीटर पुढे-मागेचे अंतर ओळखता येत नाही. ड्रोन अकरा केव्हीच्या तारेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे धुऱ्याच्या या टोकाला उभ्या असलेल्या कुठल्याही डोळ्याला खात्रीने सांगता येणार नाही. बारीक तार हिरव्या पिकाच्या किंवा टेकडीच्या पार्श्वभूमीवर कॅमेऱ्यालाही धड दिसत नाही.

हे मान्य केले तर मीच नियमाविरुद्ध पुरावा दिला, असे कोणी म्हणेल: डोळा जर इतका अपुरा, तर त्याच्यावर भिस्त कशाला? डोळा कुठे अपुरा पडतो हे माहीत असते, म्हणूनच त्याच्या मर्यादेत काम बेतता येते. फवारणीच्या बाबतीत ते असे बेतता येईल: उभे राहण्याची जागा वावराच्या उंच बाजूला घ्यायची, तारेचे खांब आधी चालत जाऊन पाहून ठेवायचे, कारण तार दिसली नाही तरी खांब दिसतो आणि दोन खांबांच्या मध्ये तार असतेच, लांब वावर एका दमात न करता तुकडे पाडून करायचे, आणि दुसऱ्या टोकाला एक साथीदार उभा करायचा, ज्याच्याशी फोनवर किंवा वॉकीटॉकीवर सतत बोलणे चालू आहे. टाकी भरायला, बॅटरी बदलायला दुसरे माणूस लागतेच, त्यामुळे या शेवटच्या गोष्टीला वेगळा खर्चही फारसा येत नाही. तो साथीदार वाऱ्याची दिशा बदलली तर सांगेल, आणि पलीकडच्या वावरात कोणी शिरले तर थांबवायलाही सांगेल. औषधाचा फवारा शेजारच्या बायांच्या अंगावर जात असेल, तर ते ड्रोनच्या कोणत्याही संवेदकाला कळत नाही. ते धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसालाच दिसते.

स्वयंचलित सोयींचे काय? संपर्क तुटला तर ड्रोन आपोआप परत येतो, अडथळा दिसला तर थांबतो, आखलेल्या मार्गाने स्वतः जातो. या सोयी उत्तम आहेत आणि त्यांनी असंख्य ड्रोन वाचवले असतील. पण बुलढाण्याची जमीन त्यांची परीक्षा पाहते. घाटावरचे बुलढाणा शहर आणि घाटाखालचे मलकापूर यांच्या उंचीत तीनशे मीटरहून अधिक फरक आहे. राजूर घाटाच्या पायथ्याशी कोणी ड्रोन सोडला आणि परतीची उंची तीस मीटर ठेवली, तर यंत्राच्या लेखी तीस मीटर म्हणजे पायथ्यापासून तीस मीटर. ड्रोन त्याहून कमी उंचीवरून डोंगराच्या सोंडेमागे गेला, तर आधी रेडिओचा संपर्क तुटतो, कारण त्या लहरीही आपल्या नजरेसारख्या सरळ रेषेत जातात आणि खडकातून आरपार जात नाहीत. संपर्क तुटल्यावर तो तीस मीटरपर्यंत चढून सरळ घराकडे निघतो आणि अडथळा ओळखता आला नाही तर मधल्या सोंडेवर जाऊन आदळतो. सोय नेमकी सांगितल्याप्रमाणे चालली, तरीही ड्रोन गेला. सोंडेमागे जाताना तो नजरेआड होतो आहे हे पाहून त्याच क्षणी थांबवणे, एवढेच यावर औषध होते.

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटी घेतो, कारण तो लोकहिताचा आहे. नजरेचा नियम ड्रोनला शे-पाचशे मीटरवर बांधून ठेवतो, आणि ड्रोनचा खरा उपयोग तर दूर जाण्यात आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपुरात बिष्णुपूरच्या जिल्हा रुग्णालयातून लोकताक सरोवरातल्या करांग बेटावर ड्रोनने लस पोचवली. रस्त्याने २६ किलोमीटर पडणारे अंतर हवेतून १५ किलोमीटर होते आणि ते १२ ते १५ मिनिटांत कापले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी ३०० लशी दहा मिनिटांच्या आत गेल्या. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या सातपुड्याच्या आदिवासी पाड्यांना पावसाळ्यात अशी सोय मिळाली, तर तिला विरोध करणारा मी कोण? पण ही उड्डाणे नियम बाजूला सारून झालेली नव्हती. परवानगी आधी घेतली होती, मार्ग आधी ठरला होता, आणि यंत्रणेला माहीत होते की या वेळी या पट्ट्यात काय उडते आहे. नजरेची जागा तिथे दुसऱ्या व्यवस्थेने घेतली होती. अशी व्यवस्था सगळीकडे उभी राहील तेव्हा नजरेची अट सैल करायला माझी हरकत नसेल. ड्रोनांच्या वाहतूक नियंत्रणाचा आराखडा केंद्राने २०२१ मध्येच जाहीर केला, पण आराखडा म्हणजे चालू यंत्रणा नव्हे. ती गावपातळीवर प्रत्यक्ष चालू लागेपर्यंत ज्याच्याकडे काहीच व्यवस्था नाही, त्याच्याकडे डोळे तरी असलेच पाहिजेत.

म्हणून दोन गोष्टी लगेच व्हाव्यात. पहिली, विक्री होणाऱ्या प्रत्येक ड्रोनवर त्या मापाचा नजरेचा पल्ला मीटरमध्ये छापण्याची सक्ती व्हावी, रेडिओच्या पल्ल्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, आणि तोही मराठीत. दुसरी, बचत गटांच्या ज्या महिला आणि अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांचे जे तरुण फवारणीचे काम घेतात, त्यांच्या दरातच धुऱ्यावरच्या दुसऱ्या माणसाची मजुरी धरली जावी, म्हणजे पैसे वाचवण्यासाठी त्याला घरी ठेवण्याचा मोह होणार नाही. शेतकऱ्यानेही फवारणी ठरवताना एकराचा भाव विचारला की लगेच विचारावे: तुमच्याबरोबर दुसरे माणूस येणार आहे ना?